भिवरीआयच्या हातचं

भिवरीआय गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या बाजारात वांगी निवडत होते. फोन सुनंदाचा, तिच्या सुनेचा. रडत नव्हती. आय पहाटे गेली, तुम्हाला कळवायला पाहिजे म्हणून कळवते, एवढंच म्हणाली आणि दिवस कधी आहेत तेही सांगितलं. मी येते म्हटलं. वांगी घेतली, घरी आले, भाजी केली, जेवलेसुद्धा. आणि दिवसाला गेले नाही. पाडा माझ्या घरापासून दोन तासांवर. खोडाळ्यापर्यंत जीप, पुढे पायी. अडचण कसलीच नव्हती. पण कुठल्या तोंडानं जाणार होते? त्या घरातली माणसं मला अजून चहा देतात, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

ती माझ्या नात्यागोत्यातली नव्हती. मी जव्हार गावातली, नवरा सरकारी कचेरीत कारकून, सासू घरात, दोन मुली शाळेत. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास काढला. म्हातारपण कोणाचं सुखाचं जातं, कोणाचं नाही आणि का, असा विषय. नुसते डॉक्टर नव्हते त्यात. आहाराच्या बाई होत्या, मनाच्या आजारांचे डॉक्टर होते, समाजशास्त्राचे सर होते, कमाई-खर्चाचं बघणारा एक मुलगा होता आणि घरांचे उंबरे नि पायऱ्या मोजणारी एक आर्किटेक्ट पोरगीही होती. सगळ्यांना आपापले प्रश्न विचारायचे होते. ते एकत्र करून टॅबवर एक मारुतीच्या शेपटासारखा फॉर्म झाला, आणि तो पाड्यापाड्यांत जाऊन भरायला आम्हा काही बायकांना घेतलं. मुलाखतीत सरांनी विचारलं, तुम्हाला म्हाताऱ्या माणसांची आवड आहे का? मी म्हटलं, खूप. त्या वेळी माझी सासू मागच्या खोलीत टीव्हीसमोर एकटी जेवत असे आणि ताट मी दारातून सरकवत असे.

हेदपाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली पंचवीस-तीस घरं. खाली ओहोळ, वर उतारावर नागलीची वरकस जमीन, मधे भाताची खाचरं. काशिनाथ, म्हणजे भिवरीआयचा मुलगा, त्याला घरकुल मिळालेलं होतं, पक्क्या भिंतींचं. शेजारी तिची जुनी झोपडी, कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. तिची चूल वेगळी. फॉर्ममध्ये मी पहिल्याच पानावर 'एकटी राहते' अशी खूण केली, कारण फॉर्म चुलीवरून घर ठरवत होता. त्या एकटीच्या झोपडीत मी गेले तेव्हा सात पोरं, दोन शेळ्या आणि शेजारची एक आंधळी म्हातारी बसली होती.

पहिल्या दिवशी मी डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन चढ चढले. हसू नका, खरंच. पायांतली ताकद बघायची तर माणसानं हात न टेकता पाच वेळा खुर्चीत बसून उठायचं असतं, आणि पाड्यात खुर्ची कुठली, म्हणून ती आम्हीच न्यायची. बरोबर वजनकाटा आणि मुठीची ताकद मोजायचं यंत्र. भिवरीआयनं ते यंत्र असं दाबलं की काटा झपकन पुढे गेला. मग तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढा दाबला, पण निघाला तं काय नाय." मी हसले. ती हसली नाही, तिला खरंच कळायचं होतं की एवढं पिळून निघतं काय.

खुर्चीत मात्र ती बसेना. मी दोनदा सांगितलं, स्वतः बसून उठून दाखवलं. ती बाजूला उभी. नाय बसत, म्हणाली. मला वाटलं घाबरते आहे, किंवा गुडघे गेलेत. मी 'करू शकत नाही' लिहून मोकळी झाले. नंतर कळलं की अंगणात खाली बसून वाखाची दोरी वळणारा म्हातारा तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ होता, आणि जेठ भुईवर असताना ती खुर्चीत बसणार नव्हती, मुंबईच्या कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं तरी. पुढच्या घरी निघाले तेव्हा माझी तीच खुर्ची तिनं आपल्या डोक्यावर घेतली आणि चढावर माझ्या पुढे चालू लागली. मी धापा टाकत मागून. तिला मधे तीनदा थांबावं लागलं, माझ्यासाठी. तरी टॅबमधलं 'करू शकत नाही' मी बदललं नाही. बदलायचं तर सरांची परवानगी लागे, फोन लागे, आणि त्या दिवशी तिथं रेंज नव्हती.

उंचीनं लहानखुरी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले, दात बरेचसे शाबूत. कपाळावर आणि हातांवर गोंदण. कान तिखट. बोलणं कमी, पण तिच्याशी बोलायचं तर तिची एक रीत होती. तू एक विचार, मग मी एक विचारीन. फुकट उत्तर मिळत नसे. मी विचारलं, झोप लागते का? लागते म्हणाली, आणि लगेच, तुझा नवरा घोरतो का? मी विचारलं, रोज किती वेळा जेवता? तिनं सांगितलं आणि विचारलं, तुला कोण वाढतं? या हिशेबानं दोन तासांचा फॉर्म तिच्याकडे चार तासांचा होई. मी मनातून चरफडत असे. एकदा मी फॉर्ममधला प्रश्न वाचला, मनातलं बोलायला तुमच्याजवळ कोणी आहे का? ती म्हणाली, ही काय बसली आहेत सगळी. मग तिची पाळी.

"तुझी सासू कोनाशी बोलते?"

मी म्हटलं, माझ्याशी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी टॅबमध्ये मान घातली. तिच्याशी खोटं बोलायची माझी सुरुवात तिथून झाली असं आता वाटतं, आणि तेही असल्या बिनकामाच्या प्रश्नावर.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. काशिनाथ, सुनंदा, बाकीचे कमावते हात, सगळे भिवंडीकडे, ठाण्याकडे बांधकामाच्या साईटवर जातात. मागे उरतात म्हातारी आणि लहान पोरं. त्या दिवसांत भिवरीआयची एक सवय मी पाहिली. एकदा मला मुक्काम पडला म्हणून दिसली, नाहीतर कळलीही नसती. उजाडताना ती झोपडीमागच्या टेकाडावर जाऊन उभी राहायची आणि सगळ्या कौलांवरून नजर फिरवायची. कुठून धूर येतो, कुठून नाही. ज्या घरातून धूर नाही तिथं ती जायची. कोणाला ताप असे, कोणाकडे काडेपेटी संपलेली असे, कोणाला नुसतं उठावंसं वाटलेलं नसे. ती जाई, चूल पेटवी, दोन शिव्या देई, परत येई. मी समाजशास्त्राच्या सरांना हे सांगितलं. सर खूष झाले, वहीत लिहून घेतलं. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती.

पण पाड्यात तिचा मान होता तो कडूकंदामुळे.

भादव्यात भात पोटरीत येतं आणि घरातलं धान्य तळाला जातं. रेशन येतं, पण महिनाभर पुरत नाही. तेव्हा रानातला कडूकंद काढतात. नाव कडू तसा तो कडूच, आणि नुसता कडू नाही, बाधतो. नीट नाही केला तर घसा जळतो, उलट्या होतात, डोकं गरगरतं, लहान पोराचं काही सांगता येत नाही. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, ते पाणी टाकायचं, टोपलीत भरून ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, परत उकडायच्या. चकती किती पातळ, राख कुठल्या लाकडाची, पाणी किती वाहतं असावं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. खणून आणायला पाड्यात कोणीही जाई. पण करायला तिच्याकडे देत. चार-पाच घरांचा कंद तिच्या चुलीवर शिजे. शिजला की पहिली चकती ती स्वतः खाई आणि दारात बसून राही. पोरं समोर ताटल्या घेऊन गप्प. बराच वेळ गेला की ती म्हणे, खा. मग झुंबड उडे.

एकदा मी विचारलं, हे कोणी शिकवलं? तिच्या सासूनं. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, त्या दिवशी बदल्यात प्रश्न न विचारता. पूर्वी एका साली या भागात पोरं मेली. भुकेनं. मोठ्या गाड्या आल्या, लिहिणारे आले, फोटो काढणारे आले. "आमच्या पाड्यात पोर नाय मेला," ती म्हणाली, "म्हनून आमच्याकडं कोन नाय आला." एवढं सांगून ती चकत्या करायला बसली.

तिनं मला पहिल्यांदा कडूकंद दिला तेव्हा मी खाल्ला नाही. पळसाच्या पानावर चार चकत्या, वर मीठ. सगळी पोरं खात होती. मला आतून भीती. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली, चकत्या रुमालात बांधल्या आणि ओहोळ ओलांडताना टाकून दिल्या. वर तिला म्हटलं होतं, बेस लागला. तिला ते दिसलं की नाही मला माहीत नाही. पुढच्या खेपेला तिनं मला कंद दिला नाही, नागलीची भाकर आणि उडदाची आमटी दिली. त्यानंतरच्या खेपेला मीच मागून खाल्ला. पिठूळ लागतो, शेवटाला जिभेवर किंचित कडवट. खरंच बेस होता.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

भादव्यातलाच दिवस. फॉर्मचा शेवटचा भाग राहिला होता, स्मरणशक्तीचा. आजची तारीख काय, महिना कुठला, आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत, तीन शब्द ऐकून थोड्या वेळानं परत सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, असं सगळं. तारीख तिला आली नाही. ती म्हणाली, परवा खोडाळ्याचा बाजार झाला. ते बरोबर होतं, पण टॅबला बाजार चालत नव्हता. तीन शब्द होते सफरचंद, टेबल, नाणं. तिनं ऐकून घेतले. तेवढ्यात वर आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला आणि खालून एक पोरगी ओरडत आली की ओहोळ चढतोय. ओहोळात तिची टोपली होती. पाच घरांच्या चकत्या. ती उठली, मला म्हणाली थांब, आलेच, आणि त्या पावसात उतारावरून पळत गेली. करू शकत नाही म्हणून मी लिहिलेली बाई.

मी ओटीवर बसून राहिले. खोडाळ्याहून शेवटची जीप साडेचारला. ती चुकली तर मुक्काम, आणि धाकटीची दुसऱ्या दिवशी शाळेत स्पर्धा. मागे वीसेक प्रश्न उरले होते. त्या फॉर्मची गंमत अशी, गंमत कसली, अशी की जागा रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नसे. शून्य टाकलं की उघडे. 'तपासणी अपूर्ण' असंही एक बटण होतं. ते दाबलं असतं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तो चढ, पुन्हा चार तास, पुन्हा नवरा घोरतो का. मी बटण पाहिलं. आणि शून्य, शून्य, शून्य करत शेवटपर्यंत गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती आली तेव्हा निथळत होती. टोपली डोक्यावर, चकत्या सगळ्या शाबूत. घोट्याला खरचटलं होतं. टोपली खाली ठेवून माझ्यासमोर बसली, पदर पिळला आणि म्हणाली, "इचार आता."

मी म्हटलं, झालं सगळं.

मला जीप मिळाली. धाकटीला दुसरा नंबर मिळाला.

दिवाळीनंतर खोडाळ्याला शिबिर झालं. मुंबईहून मनाचे डॉक्टर आले, फार चांगला माणूस. ज्या म्हाताऱ्यांचे स्मरणाचे गुण फार कमी होते त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं, त्यांना समजावून सांगायचं होतं. डॉक्टरांचं बोलणं पाड्यातल्या लोकांना कळेल अशा भाषेत सांगायला मला उभं केलं. यादी माझ्या हातात दिली. तिसरं नाव भिवरीआयचं.

मी थांबू शकले असते. डॉक्टर शेजारीच होते, कानात दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं. नोकरी गेली असती, बस. मी नाव वाचलं. समोर काशिनाथ उभा राहिला, शर्टाची बटणं लावून, हात जोडून. साईटवरून एक दिवसाची रजा घेऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण लक्ष ठेवा, आणि मोठ्या दवाखान्यात नेऊन एकदा पक्कं करून घ्या. ते मी सांगितलं. मग ते म्हणाले, विस्तव, कोयता, एकटीनं रानात जाणं, यात धोका असतो. तेही मी सांगितलं, आणि सांगताना चांगलं खुलवून सांगितलं, कारण लोक ऐकत होते आणि मला तसं बोलता येतं. एका बाईनं विचारलं, हिच्या हातचं खायचं की नाही? डॉक्टरांना प्रश्नामागचं काय कळणार, ते म्हणाले, स्वयंपाकाची जबाबदारी तिच्यावर नको. मी काशिनाथकडे बघत ते सांगितलं. मोठा दवाखाना लांब होता आणि ठेकेदार थांबणार नव्हता, त्यामुळे पक्कं करून घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या भादव्यात फॉर्मची दुसरी फेरी. मी हेदपाड्याला गेले. झोपडीत कोणी नव्हतं. चूल फोडून काढली होती, तिथली भुई नव्यानं सारवली होती आणि वर काशिनाथनं सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. भिवरीआय घरकुलाच्या ओटीवर बसलेली. तिच्याखाली खुर्ची होती, निळी, बाजारातून आणलेली, कारण डॉक्टरांनी म्हातारीला भुईवर बसवू नका असंही म्हटलं होतं. जेठ तोपर्यंत वारला होता.

काशिनाथनं मला पाणी दिलं, चहा दिला. "म्याडम, तुमी सांगितला ते बरा झाला," म्हणाला. "नायतं आमाला काय कललाच नसता. आता आयला काय करू देत नाय. फुल आराम." त्याच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. आईसाठी तो जे करू शकत होता ते सगळं त्यानं केलं होतं. साईटवरून घरी फोन करून रोज विचारायचा, आय कुठं गेली नाय ना? सुनंदा त्या वर्षी साईटवर न जाता घरी राहिली होती, ती तिला रानात जाऊ देत नसे, ओहोळावर जाऊ देत नसे, टेकाडावरही नाही. त्या साली कंद कोणी केला नव्हता. एका घरातल्यांनी आपला आपण करून बघितला, पोरांना उलट्या झाल्या, तेव्हापासून बंद.

मी टॅब काढला. झोप लागते का? तिनं सुनंदाकडे बघितलं. सुनंदा म्हणाली, लागते. जेवण जातं का? पुन्हा सुनंदाकडे. एकूण एक प्रश्नाला तसंच. तिनं मला उलटा एकही प्रश्न विचारला नाही. फॉर्म पाऊण तासात झाला, त्या पाड्यातला सगळ्यात झटपट झालेला फॉर्म. स्मरणाचा भाग मी या वेळी पूर्ण विचारला, एकूण एक प्रश्न. तिला फारसं काही आलं नाही. परवा बाजार झाला की नाही, तेही नाही.

मी तिथं तेव्हाही बोलले नाही. चहा पिऊन उतरले. घरी आले आणि सासूचं ताट मागच्या खोलीत न देता बाहेर आणलं, तर ती म्हणाली, माझी मालिका आहे, आत दे. बरोबरच होतं तिचं. सात वर्षांनी कोणी एकदम बाहेर बोलावलं तर कोण येईल?

सरांना मी सगळं सांगितलं, फोनवर नाही, समोर बसून.  ते म्हणाले, तुमची नोंद काढून टाकतो, एवढ्या फॉर्ममध्ये एकानं निष्कर्ष बदलत नाही. मला आणखी कामावर ठेवता येणार नाही असंही म्हणाले, आणि ते ठीकच होतं. त्यांच्या अभ्यासातून भिवरीआयचं शून्य निघालं. तिच्या घरातून काढायला सर जाणार नव्हते. ते मला काढायचं होतं.

आठवडाभर उद्या जाऊ, उद्या जाऊ करत शेवटी गेले. काशिनाथ नेमका घरी होता, सुनंदा होती. भिवरीआय खुर्चीत. मी टॅब नसताना त्या ओटीवर पहिल्यांदाच बसले होते आणि हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मी सांगून टाकलं. त्या दिवशी आय ओहोळावर गेली तेव्हा मी उरलेले प्रश्न विचारले नाहीत, मनानंच शून्य टाकलं. आयला काही झालेलं नव्हतं. ती विसरत नव्हती. शिबिरात हे माहीत असून मी नाव वाचलं. असं सगळं एका दमात, त्यांना कळेल अशा शब्दांत. खुलवून सांगायची माझी हौस त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

काशिनाथ खाली बघत राहिला. मला वाटलं तो शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पन म्याडम, आता तं ती खरंच इसरते." त्यात राग नव्हता, तो मला माहिती देत होता.

सुनंदा आत गेली. आढ्याला खोचून ठेवलेला सासूचा कोयता काढून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. बायकांना अशा गोष्टी लवकर कळतात. मी म्हटलं, आय, या भादव्यात कंद कर ना. मी खाते आधी. सगळ्यांच्या आधी मी खाते.

तिनं कोयत्याची धार अंगठ्यानं बघितली. गंजली होती. मग तो उचलून सुनंदाच्या हातात परत दिला.

"आता नको," म्हणाली. "राख घातली का नाय घातली, मना नाय कलायचा. पोरा आहात खानारी."

मी रडायला लागले. रडायचा हक्क त्या घरात सगळ्यात कमी मला होता, तरी मीच रडले. भिवरीआय माझ्याकडे बघत होती, पूर्वी बघायची तशी, सरळ. वर्षभरात पहिल्यांदा तिनं सुनंदाकडे न बघता तोंड उघडलं.

"मी भिजून आलती," ती म्हणाली. "तुज्यासमोर बसली. तू इचारला असतास तं मी सांगितला असता."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. 

निघाले तेव्हा काशिनाथ ओहोळापर्यंत पोचवायला आला. थोडं उतरल्यावर मी मागे वळून पाहिलं. भिवरीआय खुर्चीतून उठून अंगणाच्या कडेला आली होती, हात न टेकता, कोणाचा आधार न घेता, जिथून उताराची वाट सुरू होते तिथपर्यंत. एक पाय तिनं वाटेवर ठेवला होता. मागून सुनंदा धावत आली, आय पडशील, म्हणाली, आणि तिचा दंड धरला. भिवरीआयनं पाय मागे घेतला आणि सुनंदाबरोबर परत जाऊन खुर्चीत बसली.